कडबा टाकू नका

हाताशी वेळ थोडा आहे, म्हणून एकच गोष्ट सांगतो. बालपणावर कविता लिहा, जरूर लिहा. पण त्या लेकराला उगाच गोड करू नका.

आपल्याकडच्या कविसंमेलनांत बालपण आलं, की आमराई येते, आजीची गोधडी येते, नदी येते. कापूस वेचणीच्या दिवसांत शाळा बुडवून रानात गेलेलं पोर मात्र येत नाही. कमरेला ओटी, बोंडाची टोकं लागून नखांच्या कडा सोललेल्या आणि मनात गुरुजींच्या हजेरीची धास्ती. ते पोर कुठं गेलं?

ज्वारीचंच बघा ना. परभणी मोतीचं टपोरं कणीस खुडतो, दाणे पोत्यात भरतो. म्हणून कडबा कुणी बांधावर फेकून देतं का? पेंढ्या बांधतो, गंजी रचतो. उन्हाळ्यात जनावरं त्याच्यावरच तगतात. आठवणींतले गोड दाणे तेवढे ठेवले आणि उपास, मार, उसनी पुस्तकं हा सगळा कडबा टाकला, तर कविता उन्हाळा काढणार कशी?

आपल्या गंगाखेडची जनाबाई घ्या. लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी राबायला गेलेली पोर. आईबाप गेल्याचं ती अभंगात उघड सांगते आणि त्या पोरकेपणातूनच विठ्ठलाला हाक मारते. हे पोरकेपण तिनं झाकलं असतं, तर विठ्ठल तिच्या जात्याशी येऊन बसला असता का? तिनं १३५० साली देह ठेवला. बायका दळताना तिलाच आठवत आल्या.

अलीकडचं बघायचं तर कवी इंद्रजित भालेराव. वसमत तालुक्यातलं रिधोरा त्यांचं गाव. हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला, त्याआधी तेही परभणीतच. १९८९ च्या 'पीकपाणी' या त्यांच्या कवितासंग्रहात कुणब्याच्या घरातले काबाडकष्ट घरच्याच बोलीत आले. शिकून प्राध्यापक झाले, पण रानातली भाषा सोडली नाही. पुन्हा सांगतो, कडबा टाकला नाही.

तर लिहिणाऱ्या सगळ्यांना विनंती: पुढच्या संमेलनात उभे राहाल, तेव्हा आमराईच्या आधी शाळा बुडालेल्या दिवसाची कविता वाचा.