घर घेताना : साठेखत म्हणजे मालकी नव्हे

आयुष्यभराची पुंजी वेचून हुबळी-धारवाडात घर घेणारा गृहस्थ पुष्कळदा साठेखत झाले, ताबा मिळाला, की आपण मालक झालो असे मानतो. हा समज घातक आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ अन्वये साठेखत हा विक्रीचा केवळ करार होय. त्यायोगे मिळकतीत हक्क उत्पन्न होत नाही. मालकी मिळते ती नोंदणीकृत खरेदीखताने. नुसत्या मुखत्यारपत्राच्या आधारेही ती मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. महानगरपालिकेची घरपट्टीची पावती हाही मालकीचा पुरावा नव्हे.

म्हणून पैसे देण्यापूर्वी मूळ दस्त वकिलाकडून तपासून घ्यावेत व मिळकतीवर कर्जाचा बोजा आहे काय, याचा दाखला दुय्यम निबंधकाकडून मिळवावा. दस्त कन्नड भाषेत असल्यास जाणकाराकडून अर्थ समजून घेतल्यावाचून सही करू नये. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीस सादर करावा आणि नंतर महानगरपालिकेच्या दप्तरी आपले नाव लावून घ्यावे.

वकिलाची फी वाचविणे ही काटकसर नव्हे. मुलाबाळांच्या हाती कोर्टकज्जा नव्हे, निर्वेध घर जावे.