अल खलूफची पांढरी वाळू

सहलीचा बेत करणे आणि सहलीस जाणे ही दोन अगदी निराळी कामे आहेत. बेत होतो तो घरात, दिव्याच्या उजेडात, नकाशावर बोट ठेवून. आणि नकाशावर अंतरे दाखविलेली असली तरी भरती-ओहोटी दाखविलेली नसते. ओमान देशात मस्कत येथे नोकरी-व्यवसायानिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींत हिवाळ्याची चाहूल लागली की असे बेत सुरू होतात. उन्हाळ्यात तेथील ऊन माणसास उंबरठ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही. परंतु ऑक्टोबर उलटला म्हणजे मार्चपर्यंत हवा अशी काही सुखद असते, की सुट्टीच्या दिवशी घरी बसणेच शिक्षा वाटावी. कोणी डोंगरात जातात, कोणी वाळूच्या टेकड्यांत. ज्यांस वाळवंट आणि समुद्र ही दोन्ही एकाच तंबूच्या दारातून पाहावयाची असतात, ते दक्षिणेस अल खलूफची वाट धरतात.

अशाच एका मंडळीची कल्पना करावी. चार मित्र, दोन मोटारी. एक मालवणकडचा, एक पुण्याचा, एक नागपूरचा आणि चौथा मुंबईचा. ओमानात २०१३ सालापासून शुक्रवार-शनिवार ही साप्ताहिक सुट्टी असते. म्हणून गुरुवारची रजा काढून दोन रात्री खलूफच्या पलीकडील पांढऱ्या टेकड्यांत घालवावयाच्या, असे ठरलेले. रात्र मार्गशीर्षी पौर्णिमेची निवडली. चांदण्यात पांढरी वाळू पाहावी, यापलीकडे त्या निवडीचा कोणी विचार केला नव्हता. पौर्णिमेची भरती ही उधाणाची भरती असते, हे मालवणकरास ठाऊक होते. पण आनंदाच्या भरात ठाऊक असलेल्या गोष्टीही माणसास वेळेवर आठवत नाहीत.

तयारी मात्र चोख होती. माणशी दिवसाला पाच लिटर या हिशेबाने पाणी, आणि त्यावर एक दिवसाचे जादा. दोन फावडी, चाकाखाली घालावयाच्या फळ्या, ओढण्याचा पट्टा, हवा भरण्याचे यंत्र. जळाऊ लाकूडसुद्धा मस्कतहूनच घेतले होते. याचे कारण सांगण्यासारखे आहे. त्या वाळवंटाच्या कडेला ‘गाफ’ नावाचे जे झाड तग धरून असते, ते म्हणजे दसऱ्यास आपण जिची पूजा करतो ती शमी. उंटांना पाला, माणसांना सावली आणि वाळूला अटकाव, ही तिन्ही कामे ते एक झाड करते. त्याची फांदी शेकोटीसाठी तोडणारा प्रवासी त्या देशाचा पाहुणा म्हणविण्यास पात्र नव्हे.

मस्कतपासून खलूफ चारशे किलोमीटरांहून अधिक आहे. वाटेत सिनाव लागते, आणि गुरुवार हा तेथील मोठ्या बाजाराचा दिवस. शेळ्या, मेंढ्या, उंट. चेहऱ्यावर ताठ बुरखा चढवून बकऱ्यांची घासाघीस करणाऱ्या बदू बायका. खंजिरांची आणि चांदीची दुकाने. अर्धा तास थांबावयाचे ठरले होते, तेथे दीड तास गेला. तो वाया गेला असे कोण म्हणेल? पण पुढे त्याची किंमत द्यावी लागली. सिनावपासून दक्षिणेस निघाले म्हणजे डाव्या हातास वाहिबाचे वाळवंट असते. त्यास आता शरकिया म्हणतात. सुमारे १२,५०० चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश. उत्तरेच्या भागात तांबूस वाळूचे लांबच लांब बांध, काही शंभर मीटरपर्यंत उंच. विल्फ्रेड थेसिजर या इंग्रज प्रवाशाने १९४९ साली उंटावरून हा भाग ओलांडला. आज त्याच्या बाजूने डांबरी रस्ता धावतो. रस्ता चांगला झाला म्हणजे वाळवंट सोपे झाले, अशी समजूत तेथूनच सुरू होते.

खलूफ हे कोळ्यांचे गाव. गावापुढे डांबरी रस्ता संपतो, आणि पांढऱ्या टेकड्यांकडे जाणारी वाट काठाकाठाने, ओल्या वाळूवरून जाते. ओहोटीला ती वाळू टणक, रुंद आणि मोकळी असते; भरतीला तिच्यावर समुद्र असतो. मंडळी पोहोचली तेव्हा पाच वाजून गेले होते. सूर्य टेकण्यास अर्धा तासही नव्हता. वाळू समोर उघडी पडलेली, वारा पडलेला, समुद्र लांब आणि शांत. पुणेकराने चाकांतील हवा काढावयास प्रारंभही केला. वाळूवर मोटार चालवावयाची तर हवा निम्म्यावर आणावी लागते. पस्तीस पौंडांचा दाब पंधरा-अठरावर आला की चाक पसरते, भार अधिक जागेवर वाटला जातो आणि गाडी रुतण्याऐवजी तरंगल्यासारखी चालते.

त्या वेळी नागपूरकराने खिशातून भरती-ओहोटीचे कोष्टक काढले. हा गृहस्थ वयाची तीस वर्षे होईपर्यंत समुद्राच्या वाऱ्यालाही उभा राहिलेला नव्हता. कोष्टकाप्रमाणे ओहोटीचा तळ तासाभरापूर्वीच होऊन गेला होता. म्हणजे पाणी परतले होते.

मालवणकर हसला. “अरे, कोष्टक कशाला? तिथीला तिनाने गुण, चाराने भाग. पंधरा त्रिक पंचेचाळीस, त्याचे सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, तर तळ साडेपाचाच्या सुमाराला. अजून पाणी उतरतेच आहे!”

हा हिशेब कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, आणि कोकणात तो बऱ्याच अंशी खराही ठरतो. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तितकीच उशिरा येते. तिथीची पाऊणपट करावयाची ती याचसाठी. पण पौर्णिमेची भरती नेमकी किती वाजता यावयाची, हे प्रत्येक किनाऱ्याचे स्वतंत्र असते. चंद्र सर्वांचा एक असला तरी पाण्याची लाट कोणत्या किनाऱ्यास केव्हा पोहोचेल, हे समुद्राच्या खोलीवर आणि काठाच्या ठेवणीवर अवलंबून असते. त्यात ओमानचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे. मालवणच्या खाडीवर शिकलेले गणित खलूफला लावणे म्हणजे पुण्याचे पंचांग परदेशात सूर्योदयासाठी उघडण्यासारखे आहे. समुद्र तोच, अरबी. पण त्याची वेळ मात्र तीच नव्हे.

वाद वाढला. मुंबईकर कोणाच्याच बाजूने बोलेना. नागपूरकराचे म्हणणे एवढेच होते की, गाडी अडकली नाही तर वेळ पुरेसा आहे. अडकली तर नाही. आणि ती अडकणार नाही असे कोणी सांगू शकत नाही. हे बोलण्यास धैर्य लागते. मित्रांच्या सहलीत पुढे चला म्हणणारा नेहमीच शूर ठरतो, आणि थांबा म्हणणाऱ्यास भित्रेपणाचे नाव घेऊन घरी परतावे लागते. पुणेकराने तसे बोलूनही दाखविले. एक रात्र वाया जाणार होती, आणि दोनच रात्री होत्या.

शेवटी निवाडा केला तो एका काठीने. नागपूरकराने ती पाण्याच्या रेघेवर रोवली आणि सर्वजण उभे राहिले. जेथे उतार अगदी थोडा असतो, तेथे पाणी उंचीने बोटभर चढले तरी काठावर कितीतरी पुढे सरकते. पंधरा मिनिटांत काठी पाण्यात उभी होती. होडी ओढण्यासाठी मोटार घेऊन आलेला एक वृद्ध कोळी हे सारे पाहत होता. त्याने टेकड्यांच्या दिशेस हात केला आणि एकच शब्द म्हटला: “बुकरा.” म्हणजे उद्या.

ती रात्र गावाबाहेर कठीण जमिनीवर गेली. जागा काही चित्रात काढण्यासारखी नव्हती. जवळ जुनी जाळी, मासळीचा वास. जेवताना फारसे कोणी बोलले नाही. उशिरा पुणेकर एकटाच उठून काठावर गेला. चांदणे लख्ख होते. ज्या वाटेने मोटारी न्यावयाच्या होत्या, तिच्यावर गुडघाभर पाणी हेलकावत होते. परत येऊन त्याने नागपूरकराच्या पांघरुणावर आपली एक जादा घोंगडी टाकली. बोलला काहीच नाही. त्या किनाऱ्यावर रात्री दव इतके पडते की तंबूच्या कापडावरून पाणी निथळते, आणि वाळवंटात थंडीने कुडकुडण्याची पाळी येते.

शुक्रवारची सकाळ मोकळी मिळाली ती या थांबण्यामुळेच. खलूफच्या ईशान्येस बर अल हिकमान नावाचे सपाट द्वीपकल्प आहे. तेथील चिखलाच्या उथळ मैदानांवर हिवाळ्यात पाच लाखांहून अधिक किनारपक्षी उतरतात. त्यांचे थवे वळताना आधी काळे आणि मग एकाएकी पांढरे दिसतात. यामागेही पाण्याचाच व्यवहार आहे. उन्हाळ्यात नैर्ऋत्येचा मौसमी वारा, जो कोकणात पाऊस आणतो, तोच ओमानच्या काठावरील वरचे पाणी लोटून देतो आणि खालचे थंड, सकस पाणी वर येते. त्यावर मासळी पोसते. कोळ्यांची गावे या पाण्यावरच उभी आहेत.

त्याच भागात ‘सबखा’ आहे. दिसावयास ही जमीन अंगणासारखी; सपाट, पांढुरकी, टणक. खारे पाणी पृष्ठभागाच्या अगदी जवळ असते; उन्हाने ते वर ओढले जाऊन उडते आणि मिठाचा व चिरोडीचा पापुद्रा मागे राहतो. पापुद्र्याखाली चिखल. मोटार थोडी चालते, आणि मग एकाएकी आसापर्यंत खाली बसते. वाळूत रुतलेली गाडी खणून निघते. सबखात खणावे तो खड्ड्यात पाणीच भरते. मंडळींनी जुन्या चाकोरीबाहेर चाक घातले नाही. बाजूस एका जुन्या चाकोरीचा शेवट एका मोठ्या खड्ड्यात झालेला दिसत होता, त्याकडे पाहून मुंबईकराने दोन दिवसांत प्रथमच काच खाली करून मत दिले: “चाकोरी सोडू नका रे!”

दुपारी तीनच्या सुमारास, पाणी उतरत असताना, मोटारी वाळूवर घातल्या. पुढची मोटार पुणेकराची. निम्म्या वाटेवर त्याने बगळे पाहण्यासाठी गाडी उभी केली, ती पाण्याच्या अगदी कडेला, पाझरत्या वाळूत. दोन मिनिटांत मागची चाके बसली. निघण्यासाठी त्याने जोर केला, तशी आणखी बसली. मग फावडी निघाली. खणणे, फळ्या सरकविणे, पट्टा लावून दुसऱ्या मोटारीने ओढणे, पट्टा सुटणे, पुन्हा खणणे. गाडी बाहेर आली तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. एवढ्या वेळात समुद्र चाकांपासून आणखी दूर गेला होता. मालवणकर घाम पुशीत पाण्याकडे पाहत राहिला. “काल असतो तर?” एवढेच तो म्हणाला, आणि कोष्टक मागून घेऊन आपल्या खिशात ठेवले.

पांढऱ्या टेकड्यांचे वर्णन किती करावे? वाहिबाची वाळू तांबूस, कारण तिच्या कणांवर लोहाचा गंज चढलेला असतो. येथील वाळू मुख्यतः शंखशिंपल्यांच्या आणि चुन्याच्या कणांची. म्हणून ती साखरेसारखी. तंबू भरतीच्या ओल्या रेषेपासून खूप वर, टेकडीच्या आडोशास ठोकले. कोळ्यांकडून घेतलेली सुरमई, भात, सोलकढी. सोलकढीची आमसुले मालवणकराने मस्कतहून जपून आणली होती, आणि तिखटाचे प्रमाण नागपूरकराने ठरविले. चंद्र वर आल्यावर दिवे मालविले. समुद्र एका अंगास, वाळवंट दुसऱ्या अंगास, आणि मधल्या पट्टीवर दोन तंबू. पुणेकर टेकडीच्या माथ्यावर जाऊन बसला, तो मध्यरात्र टळेपर्यंत खाली आला नाही.

शनिवारी परतावयाचे होते, आणि कोष्टकाप्रमाणे ओहोटीचा तळ पहाटे पाचनंतर होता. म्हणजे पाणी उतरत असतानाच निघावयाचे तर चारला उठणे भाग. आदल्या रात्री यावर कोणी वाद घातला नाही. मालवणकराने सर्वांस हाका मारून उठविले. राख वाळूत न पुरता डब्यात भरली, कचऱ्याची पोती मोटारीवर बांधली. पश्चिमेकडे कललेल्या चंद्राच्या उजेडात मोटारी निघाल्या. वाटेत कोणी पक्ष्यांसाठी थांबले नाही. खलूफच्या पहिल्या घरापाशी पोहोचून चाकांत पुन्हा हवा भरण्यास अर्धा तास लागला, आणि तेवढ्यात उजाडले. परवाचा कोळी होडी लोटीत होता. नागपूरकराने त्यास दुरून हात केला, आणि त्यानेही केला.