तुलनेचे माप



पनवेलनजीकच्या करंजाडे येथे जुन्या गावठाणाशेजारी सिडकोच्या वसाहतीतील इमारती उभ्या आहेत. तेव्हा तेथील शाळकरी मुलास तुलनेचे वाक्य करावयास सांगितले, तर त्याला प्रथम इमारतीच सुचाव्यात हे स्वाभाविक होय. ‘ही इमारत त्या घरापेक्षा फार उंच आहे,’ असे तो मराठीत बिनचूक बोलतो. पण तेच इंग्रजीत सांगताना ‘व्हेरी टॉलर’ किंवा ‘मोर टॉलर’ म्हणून जातो, आणि वहीवर तांबडी रेघ उमटते. ही चूक मातृभाषेच्या व्याकरणाशी राखलेल्या इमानातून उपजते. म्हणून तिची दुरुस्तीही त्याच व्याकरणाच्या साह्याने व्हावी, असे माझे आग्रहाचे निवेदन आहे.

मराठीत तुलनेचा भार ‘पेक्षा’ हे शब्दयोगी अव्यय किंवा ‘हून’ हा पंचमीचा प्रत्यय वाहतो; ‘उंच’ हे विशेषण जसेच्या तसे राहते, आणि किती उंच याचे माप ‘फार’, ‘जरा’, ‘अधिक’ ही क्रियाविशेषणे देतात. त्यांतही ‘बराच’ची तऱ्हा निराळी: मनोरा बराच उंच, इमारत बरीच उंच, घर बरेच उंच, असा तो नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतो. संस्कृतातील ‘तर’ आणि ‘तम’ हे प्रत्यय लघुतर, उच्चतम अशा तत्सम शब्दांपुरतेच आपल्याकडे उरले.

इंग्रजीत मात्र तुलना विशेषणाच्याच अंगी लागते. ‘टॉल’सारखा आखूड शब्द ‘टॉलर’ होतो, ‘ब्यूटिफुल’सारखा लांब शब्द ‘मोर’ मागतो. दोन्ही उपाय एकाच शब्दावर एकदम चालत नाहीत. शिवाय हे तुलनात्मक रूप सिद्ध होताच ‘व्हेरी’ची अंमलदारी संपते आणि तिच्या जागी ‘मच’ किंवा ‘अ लिटल’ यांची नेमणूक होते: ‘व्हेरी टॉल’, पण ‘मच टॉलर’, ‘व्हेरी ब्यूटिफुल’, पण ‘मच मोर ब्यूटिफुल’. आपले ‘फार’ दोन्ही ठिकाणी चालते, आणि मुलाचा पाय नेमका तेथेच घसरतो.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली निघाले; एवढी पुंजी पदरी असता इंग्रजीचा नियम मराठीपासून तोडून घोकविण्याचे प्रयोजन काय? शिक्षकांनी मुलाकडून आधी मराठी वाक्य म्हणवून घ्यावे, त्यातले मापाचे क्रियाविशेषण त्यालाच शोधू द्यावे, आणि मग विचारावे: वाक्यात ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ आहे काय? असेल तर ‘मच’, नसेल तर ‘व्हेरी’. स्वतःच्या भाषेत आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट अशी ओळखीची होऊन पुढे आली, म्हणजे परभाषेचा नियम मुलाच्या बुद्धीत कायमचा ठसतो.