निकेलची चौकडी



मी कामगारांत वावरणारा माणूस. रसायनशास्त्र शिकलो ते उसन्या पुस्तकांवर. माझ्या हाती दोन रुपये आहेत. १९५० चा निकेलचा. चुंबक त्याला ओढतो. दुसरा १९७५ चा, तीन भाग तांबे व एक भाग निकेल. तो ढिम्म हलत नाही. निकेल तेच, संगत बदलली!

संयुगांतही संगत मोठी. निकेलच्या आयनाभोवती सहा अणू अष्टफलकाच्या टोकांवर बसले, की त्याचे दोन इलेक्ट्रॉन एकटे राहतात, चुंबकत्व येते. चारच अणू सपाट चौकोनात बसले, तर सारे इलेक्ट्रॉन जोडीने बसतात, चुंबकत्व मावळते.

आता चार निकेल, चार ऑक्सिजन घनाच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने बसवा; बाहेरच्या जागी निरनिराळे लिगंड. निकेल-ऑक्सिजन-निकेल हा कोन सुमारे ९९ अंशांहून लहान असला, तर शेजारी निकेल बहुधा एका दिशेला वळतात. मोठा असला, तर परस्परांविरुद्ध. अतिशीत तापमानाला याचा निकाल दिसतो : चौघे एक झाले तर आठ इलेक्ट्रॉनांचे बळ, फुटले तर शून्य. कोनात फरक पाडतात ते सोबतचे लिगंड. पवईच्या आय.आय.टी.त अशा रेणुचुंबकांवर संशोधन होते.

एका संपात मी सभासदच मोजत बसलो. एका खात्याचा दुसऱ्याशी सांधा कसा आहे, ते पाहिले नाही. तेराव्या दिवशी संप मोडला. शाहूवाडीकरांनो, डोकी मोजा. पण आधी सांधे तपासा.