बिघाड नेमका कुठे आहे?



दुकानातला किंवा घरातला डेस्कटॉप कॉम्प्युटर एके सकाळी सुरूच होत नाही. कॅबिनेट उघडण्याआधीच कुणीतरी म्हणतं, ‘खूप वर्षं वापरला, आता नवाच घ्या.’ असं केवळ वयावरून ठरवलं की पैसे वाया जाण्याचीच शक्यता जास्त. डेस्कटॉपचे बहुतेक भाग सुटे असतात आणि सुटे बदलता येतात. म्हणून आधी बिघडलेला भाग शोधायला हवा.

काही दुखणी अगदी स्वस्तातली असतात. कॉम्प्युटर रोज जुनीच तारीख दाखवतो आणि बँकेची वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाही, तेव्हा बहुधा मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची बटणाएवढी बॅटरी संपलेली असते. पडदा काळा आणि आतून बीप-बीप आवाज येत असेल, तर वीज बंद करून रॅम काढावी आणि तिच्या सोनेरी टोकांवरून खोडरबर फिरवावा. पुष्कळदा तेवढ्यावर काम भागतं. बटण दाबूनही पंखा हलत नसेल, तर पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठा करणाऱ्या डब्यावर, घ्यावा. तो अख्खा बदलावा, घरी उघडू नये. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार उरलेला असू शकतो.

मशीन नुसतंच मंद झालं असेल, तर दोष बहुतेक वेळा फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी बसवला की दहा वर्षांपूर्वीचं मशीनही कार्यालयीन कामाला पुन्हा चपळ होतं. मात्र डिस्कमधून टिकटिक ऐकू येत असेल, तर दुरुस्तीचा विचार नंतर; आधी हिशेब, फोटो, कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्यावीत.

खरा पेच मदरबोर्डचा.

त्यावरचे फुगलेले कपॅसिटर कुशल कारागीर बदलू शकतो. या बारीकशा भागामुळे डेल कंपनीच्या ऑप्टिप्लेक्स संगणकांत इतके बिघाड झाले, की २००५ मध्ये कंपनीला त्यापोटी सुमारे ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली होती. पण बोर्डच जळाला असेल, तर साखळी सुरू होते. २०१३ च्या सुमाराचा चौथ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आजच्या बोर्डवर बसत नाही, त्याची डीडीआर३ रॅमही चालत नाही. बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही नवीन घ्यावी लागतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जुना बोर्ड मिळाला, तर तो लावून मशीन चालवता येतं. पण त्याची हमी किती दिवसांची, हे आधी विचारावं. ती नसेल, तर नवं मशीन घेणंच शहाणपणाचं.

दुसरा प्रश्न सॉफ्टवेअरचा. विंडोज १० साठीचा नियमित, मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यापेक्षा जुन्या, पण धडधाकट मशीनवर लिनक्स घालता येतं. मराठी टंकलेखन, इंटरनेट, पत्रं, हिशेब ही कामं त्यावर नीट होतात. अकाउंटिंगचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत असेल, तर मात्र मशीन बदलणं भाग पडतं.

हा हिशेब फक्त खिशाचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार एक डेस्कटॉप आणि त्याचा त्या काळचा मॉनिटर घडवायला किमान २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायनं आणि १,५०० किलो पाणी लागत होतं. चालतं मशीन आणखी तीन-चार वर्षं वापरलं, तर नव्या मशीनवरचा असा खर्च तेवढी वर्षं लांबतो.

आणि बदलायचंच ठरलं, तर मॉनिटर, कीबोर्ड, एसएसडी नव्या मशीनलाही वापरता येतात. जुनी डिस्क काढून घेऊन उरलेला सांगाडा भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा.