परवचा आणि परीक्षा



दिवेलागणीला हातपाय धुऊन मुलांनी देवापुढे बसावे आणि परवचा म्हणावा, ही रीत मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली. पाढे, तिथी, नक्षत्रे, स्तोत्रे, सारे तोंडपाठ म्हणावयाचे. मूल अडखळले तर आजोबांनी पुढचा शब्द सांगावा आणि मुलाने पुन्हा आरंभ करावा. या नित्यक्रमात शिकविणे आणि तपासणे ही दोन कामे निराळी नव्हती. शाळांतून मात्र परीक्षा ही शिकविणे संपल्यानंतरची, पास-नापास ठरविणारी गोष्ट झाली आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक पुनःपुन्हा वाचणे म्हणजेच अभ्यास, असा समज रूढ झाला.

हा समज कितपत खरा, याचा शोध अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी घेतला. त्यांचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचावयाचा. दुसरा एकदाच वाचून, मग दूर ठेवून, आठवेल तेवढा लिहून काढावयाचा, अशी योजना होती. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा दोनदा वाचलेला उतारा ८१ टक्के आठवला, लिहून काढलेला ७५ टक्के. परंतु आठवडा लोटल्यावर पारडे फिरले. दोनदा वाचलेला ४२ टक्केच उरला, लिहून काढलेला ५६ टक्के. दुसऱ्या प्रयोगात चार वेळा वाचणाऱ्यांना आपल्या स्मरणाची सर्वांत अधिक खात्री होती. आठवड्याने तेच सर्वांत मागे पडले. वाचनाने येणारी ओळख ही ज्ञानाची सावली असते. आठवण्याच्या कष्टाने ते ज्ञान पक्के होते.

तथापि, केवळ घोकंपट्टीने अर्थबोध होत नाही. म्हणून पाठांतराबरोबर ‘असे का?’ हाही प्रश्न हवा. तपासणाऱ्याची रीतही तितकीच महत्त्वाची आहे. इस्रायलमधील संशोधिका रूथ बटलर यांनी १९८८ साली दाखवून दिले की, कामावर केवळ मार्गदर्शक शेरा मिळालेल्या मुलांची गोडी व प्रगती वाढली; शेऱ्याच्या जोडीला गुण दिले असता तो लाभ दिसला नाही. मुलांचे लक्ष आकड्यावर खिळले की शेरा वाया जातो.

देवस्थानांच्या उत्सवांत गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होतो, तो उचितच आहे. परंतु ज्या मुलाचे नाव त्या यादीत येत नाही, तेही महाजनांच्याच घरचे असते. त्याला बक्षिसापेक्षा गरज आहे ती रोज पाव तास जवळ बसवून, पुस्तक मिटून, ‘आज काय शिकलास, सांग पाहू’ असे मायेने विचारणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाची. चुकले तर रागावू नये; योग्य ते सांगावे आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारावे. यास खर्च नाही, शिकवणीचे शुल्क नाही. घरोघरी परवचा या नव्या रूपाने पुन्हा सुरू झाला, तर परीक्षेचे भय आपोआप ओसरेल आणि विद्या मुलांच्या अंगी मुरेल.