तुशीनची तोफ आणि बोगुचारोवोचे शेतकरी

टॉलस्टॉयची ‘युद्ध आणि शांती’ हाती घेणारा कार्यकर्ता पहिल्या शंभर पानांतच विचारतो : मोर्चे, शिबिरे, सभासद-नोंदणी खोळंबली असताना हजाराहून अधिक पानांत डोके का घालावे? प्रश्न रास्त आहे; त्याला उत्तर दिले पाहिजे.

पहिला अडसर नावांचा. पिएर म्हणून भेटलेला माणूस दुसरीकडे प्योत्र किरीलोविच होतो. परंतु सातबाऱ्यावर वडिलांच्या नावासह एक नाव आणि घरात हाक मारायला दुसरेच, हा प्रकार आखाडा बाळापूरच्या वाचकाला परका नाही. थोडा धीर धरला की ही माणसे ओळखीची होतात.

खरे उत्तर पुढे मिळते. १८०५ सालच्या शोनग्राबर्नच्या लढाईत तुशीन हा तोफखान्याचा एक साधा अधिकारी आहे. पायदळाचे संरक्षण निघून गेले तरी त्याच्या तोफा थांबत नाहीत. संध्याकाळी मात्र मागे राहिलेल्या तोफेबद्दल त्यालाच जाब विचारला जातो. दिवस निभावला तो मुख्यतः याच माणसामुळे, हे प्रिन्स आंद्रेई पुढे होऊन सांगतो. इतिहास नेपोलियनच्या हुकमाने घडत नाही, तो असंख्य अनाम माणसांच्या कृतींची बेरीज असतो, हा टॉलस्टॉयचा सिद्धान्त येथे जिवंत होतो.

हैदराबाद संस्थानाची राजवट सोसलेल्या मराठवाड्याला हे वेगळे सांगायला नको. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी सत्ता संपली. स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आदराने घेतले जाते, ते योग्यच आहे. परंतु सरहद्दीवरील कॅम्पांना भाकरी पोहोचविणारे, रात्री निरोप नेणारे हात कोणाचे होते?

तथापि टॉलस्टॉय डोळे मिटून स्वीकारण्याचे कारण नाही. १८१२ साली फ्रेंच फौजा जवळ येत असताना बोगुचारोवोचे भूदास शेतकरी गाव सोडण्यास नकार देतात व मालकिणीलाही जाऊ देत नाहीत. निकोलाय रोस्तोव्ह येतो, म्होरक्यांना बांधावयास लावतो, आणि बंड विरते. रशियातील भूदासप्रथा १८६१ मध्ये रद्द झाली. कादंबरी त्यानंतर, १८६५ ते १८६९ या काळात प्रसिद्ध झाली. तरीही त्या शेतकऱ्यांना काय हवे होते, याचा शोध लेखक फारसा घेत नाही. उत्तरायुष्यात जमिनीच्या खाजगी मालकीलाच विरोध करणारा टॉलस्टॉय येथे अजून जमीनदाराच्या ओसरीवर उभा आहे.

म्हणून ही कादंबरी वाचावी, आणि तिने न विचारलेला प्रश्नही विचारावा. आंद्रेईने तुशीनची बाजू मांडली. बोगुचारोवोची कोणी मांडली नाही. मुक्तिसंग्राम डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. कार्यकर्त्याने एक वही घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावे. हेही पक्षाचेच काम आहे.